सतरा कार्बनचा पाहुणा

घरातला फ्रीज उघडला आणि आतला दिवा लागला की मला ती केस आठवते. दार उघडं धरून मी तसाच उभा राहतो आणि बायको आतून ओरडते, "पुन्हा चौकशी सुरू झाली का? दार लावा, करंट जळतोय!" ती केस बायकोला पाठ आहे, नातेवाइकांना पाठ आहे, खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनाही पाठ आहे. आता तुमची पाळी.

नावं कुणाचीच सांगणार नाही. मुदतीआधी निवृत्ती घेतली असली तरी जीभ अजून खात्याच्या शिस्तीत आहे. एवढंच सांगतो की तेव्हा मी बेंगळुरूच्या उत्तरेला, येलहंकाच्या बाजूच्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. घरात मराठी, दारात कन्नड आणि रागावल्यावर दोन्ही. पुण्याचा माणूस माझं बोलणं ऐकून आधी हसतो, मग विचारतो, "तुम्ही मूळचे कुठले?" मी सांगतो, "इथलाच. स्वल्प मराठी आहे."

दसरा नुकताच होऊन गेला होता. आयुधपूजेला पोलीस ठाणं कसं दिसतं हे तुम्ही पाहिलं नसेल, तर तुमचं अर्धं आयुष्य वाया गेलं म्हणायचं. रायफली हळदीकुंकू लावून भिंतीला टेकवलेल्या, बेड्यांना झेंडूची माळ, जीपला दोन्ही बाजूंना केळीचे खुंट. वायरलेसच्या यंत्राला कुंकू, ठाण्याच्या रायटरच्या संगणकालाही कुंकू. दारात कुंकू भरलेला कोहळा आपटून फोडायचा, तो मान आमच्या हेड कॉन्स्टेबलचा. हा माणूस पोटानं मोठा आणि संशयानं त्याहून मोठा. सण उलटला तरी जीपचे खुंट सुकून लोंबत होते आणि ते काढायला कुणी तयार नव्हतं.

अशा वेळी एका खासगी प्रयोगशाळेचे मॅनेजर तक्रार घेऊन आले. खाण्याचे पदार्थ तपासणारी प्रयोगशाळा. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर जागरण. बोलणं कन्नडात झालं, मी मराठीत देतो.

"काय चोरीला गेलं?" मी विचारलं.

"मिथाइल हेप्टाडेकॅनोएट."

रायटरची टंकायला उचललेली बोटं हवेतच राहिली. "सार, हे माणसाचं नाव आहे का?"

"बाटली आहे, बाटली! करंगळीएवढी. आत पांढरं, मेणासारखं."

हेड कॉन्स्टेबल खुर्ची ओढून जवळ आला. पांढरं म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर भलतंच काही आलं होतं. "सार, अमली पदार्थ," तो माझ्या कानात म्हणाला, पण त्याची कुजबुज बसस्टॉपपर्यंत ऐकू जाते.

"अहो नाही!" मॅनेजर कळवळले. "ते रेफरन्स स्टँडर्ड आहे."

मग त्यांनी मला जे समजावलं, ते मी तुम्हाला माझ्या पद्धतीनं सांगतो. तेलात वेगवेगळी स्निग्धाम्लं असतात. तेल तपासताना त्या आम्लांची एस्टर बनवून यंत्रात सोडतात आणि यंत्र त्यांची एकापुढे एक शिखरं काढतं. हे सोळा कार्बनचं, हे अठराचं. पण कुठलं किती, हे कळायला मोजपट्टी लागते. म्हणून त्यात सतरा कार्बनचं एस्टर मोजून टाकतात. आपल्या खाण्याच्या तेलांत सतरावालं जवळजवळ नसतंच, त्यामुळे ते गर्दीत हरवत नाही. आपण किती टाकलं हे माहीत असतं, बाकीच्यांना त्याच्याशी ताडायचं.

मला पटकन कळलं, कारण आम्ही हेच करत आलो. मोर्चाचे फोटो काढताना गर्दीत साध्या कपड्यातला एक उंच शिपाई उभा करायचा. त्याची उंची आपल्याला माहीत. जो त्याच्या खांद्याशी आला तो एवढा, जो कानाशी आला तो तेवढा.

"म्हणजे हा आपलाच माणूस आहे सार, गर्दीत पाठवलेला," हेड कॉन्स्टेबल म्हणाला. त्या दिवसापासून ठाण्यात त्या बाटलीचं नाव 'पाहुणा' पडलं.

मॅनेजरांचा संशय ठरलेला होता. एका गिरणीच्या घाण्याच्या शेंगदाणा तेलात पामतेल मिसळतात अशी कुणीतरी तक्रार केली होती, आणि त्या तेलाचा सीलबंद नमुना त्यांच्याकडे तपासायला आला होता. अहवालाची मुदत जवळ आलेली. नवी बाटली परदेशातून यायची, म्हणजे अहवाल लटकला आणि गिरणीवाला सुटला. प्रयोगशाळेत नागपूरची एक तरुण मुलगी विश्लेषक म्हणून लागली होती. यंत्राच्या खोलीचं दार कार्डानं उघडतं, आणि आयुधपूजेची आरती झाल्यावर ते तिच्याच कार्डानं उघडलं होतं.

"ती काय म्हणते?"

"म्हणते, मी घेतली नाही. त्यापुढे तोंडच उघडत नाही. सार, उद्या संध्याकाळपर्यंत बाटली मिळाली नाही तर मी तिला काढतोय. कारण लिहून काढतोय. मग या शहरात तिला कुठली लॅब दारात उभी करते ते बघू."

तक्रार नोंदवली, चोरीचं कलम लावलं. जागेवर जाऊन महजर केला. महाराष्ट्रात त्याला पंचनामा म्हणतात, नाव वेगळं, पंचांची जांभई तीच. फ्रीजर शाबूत, खोली शाबूत, यंत्राच्या कपाळी कुंकू. मॅनेजरांनी पूजेच्या दिवशी घरी निघताना काढलेला एक ग्रुप फोटो माझ्या फोनवर पाठवला. सगळे यंत्राभोवती दाटीवाटीनं उभे, ती मुलगी अगदी कडेला. "चेहरा बघा," ते म्हणाले. मी पाहिला. फोटो काढताना कुणी डोळे मिटले तर त्यावरून गुन्हा सिद्ध होत नाही, पण त्यांना बोलू दिलं.

खबर मिळाली ती समोरच्या बेकरीतून. तपासात बेकरीवाल्याइतका उपयोगी माणूस नाही. पोलिसाला लोक घाबरतात, बँकवाल्यापासून लपवतात, पण बन घेताना सगळे माणसात येतात. बेकरीवाला म्हणाला, "पूजेच्या दिवशी गिरणीचा माणूस आला होता सार. त्या मराठी पोरीच्या हातात एक पिशवी दिली. माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"पिशवी!" हेड कॉन्स्टेबलला पाहुणा सापडल्याइतका आनंद झाला. "सार, केस संपली. मी आज घरी वेळेवर जातो."

"पिशवीत काय होतं, अण्णा?" मी बेकरीवाल्याला विचारलं.

"ते कसं सांगू? पिशवी बंद होती."

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, ती राहते तिथे जाऊन विचारायचं. तो कायदा आहे आणि शहाणपणही आहे. ठाण्यात माणूस भिंतीशी बोलतो. मी एका महिला कॉन्स्टेबलला घेऊन त्या मुलीच्या पीजीवर गेलो. मालकिणीनं पुढची खोली दिली, चहा दिला आणि दाराआड कानही लावला.

मुलगी समोर बसली. डोळे सुजलेले. मी मराठीत विचारलं, "जेवलीस का, बाळ?"

ती दचकली. "बाप्पा! तुम्ही मराठी?"

"स्वल्प."

इतक्या रडण्यातही तिला हसू आलं. "काका, हे कुठलं मराठी?"

"बेंगळुरूचं. टिकाऊ आहे, धुतलं तरी रंग जात नाही. आता सांग, पिशवीत काय होतं?"

"कोणत्या? अच्छा, ती! चिरमुरे, डाळं, बत्तासे. गिरणीत पूजा झाली तर त्यांचा माणूस गल्लीत सगळ्यांना वाटत फिरत होता. बेकरीवाल्यालाही दिली की त्यानं."

महिला कॉन्स्टेबलनं खिडकीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. आमच्या ठाण्यातही त्याच गिरणीची पिशवी आली होती आणि ती हेड कॉन्स्टेबलनं एकट्यानं संपवली होती.

"दार तुझ्या कार्डानं उघडलं?"

"हो."

"बाटली तू घेतलीस?"

"नाही."

"मग कुणी?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "काका, ती सापडली तर केस बंद होते ना? मग कुणाला काही करत नाही ना तुम्ही?"

इथे जरा थांबतो, कारण हा माझ्या धंद्यातला नियम आहे आणि फुकट देतोय. ज्यानं चोरी केली तो विचारतो, तुमच्याकडे पुरावा काय. ज्यानं केली नाही तो विचारतो, माझं काय होणार. आणि जो विचारतो 'कुणाला काही होणार नाही ना', तो कुणाला तरी पाठीशी घालत असतो. या पोरीची नोकरी जात होती, नाव जात होतं, आणि तिला काळजी तिसऱ्याचीच.

मी फोन काढला, तो फोटो उघडला आणि चहा पीत बघत बसलो. काही विचारलं नाही. फोटोत सगळ्यांच्या हातात प्रसादाच्या कागदी पिशव्या. मधोमध खुर्चीवर एक वयस्कर बाई, इरकली साडी, केसांत शेवंती. त्यांच्या मांडीवर मात्र पिशवी नव्हती. एक स्टीलचा डबा होता, झाकण घट्ट लावलेला, आणि दोन्ही हातांनी असा धरलेला, जसं कुणी झोपलेलं मूल धरतं.

"या कोण?"

मुलीचा चेहरा पार उतरला. "अक्का," ती म्हणाली. "लॅब त्यांनीच उभी केली. रिटायर होऊन खूप झालं. गुरुवारी येतात, आम्हाला शिकवतात. मला सगळं त्यांनीच शिकवलं."

"डब्यात काय आहे?"

"काका, प्लीज. त्यांना ठाण्यात बोलावू नका."

आणि मग बांध फुटला. अक्कांना विसर पडायला लागला होता. घरी चहात मीठ पडायचं, गल्ली चुकायची. पण लॅबमध्ये आल्या की हात बरोबर चालायचे. पूर्वी, त्या नोकरीत असताना, तिथे जनरेटर नव्हता. जोडून सुट्ट्या आल्या आणि करंट गेला की फ्रीजर बंद पडायचा. म्हणून प्रत्येक मोठ्या सणाला अक्का सगळी स्टँडर्डं बर्फाच्या डब्यात घालून घरी न्यायच्या आणि लॅब उघडली की परत आणायच्या. ती वर्षानुवर्षांची पद्धत. पूजेच्या दिवशी आरती झाल्यावर त्यांनी या मुलीला बाजूला घेतलं. "चल, दार उघड. सणाला करंट जातो. पाहुण्यासारखं जपायला पाहिजे हे." बाकीच्या बाटल्या त्यांना ओळखू आल्या नाहीत, त्यांच्या काळातली एकच होती. मुलीला वाटलं, नेऊ देत, उघडल्यावर आणतील.

लॅब उघडली. अक्का आल्या नाहीत. मुलगी त्यांच्या घरी धावली, तर अक्का म्हणाल्या, "कुठली बाटली? मी काय चोरी केली म्हणतेस?" आणि मुलांसारख्या रडायला लागल्या.

"मग मॅनेजरांना का नाही सांगितलंस?"

"ते आधीच म्हणून राहिले होते, अक्कांना आता कशाला बोलवायचं. हे कळलं तर दार बंद होईल त्यांचं. काका, त्यांचं दुसरं काय उरलंय?"

चहा गार झाला होता. महिला कॉन्स्टेबल आता खिडकीकडे बघत नव्हती, हसतही नव्हती.

मुलीला घेऊन आम्ही अक्कांच्या घरी, राजाजीनगरला निघालो. जीपमध्ये हेड कॉन्स्टेबलला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सार, घराची झडती घ्यायची का?" मी म्हटलं, "नाटक करायचं." शाळेत मी दरवर्षी नाटकात असायचो. खात्यात आल्यावर ती हौस सरकारी खर्चानं भागली.

बेत मुलीचाच. ती म्हणाली, "अक्कांना घरातलं विचारलं तर आठवत नाही. लॅबचं विचारलं तर आठवतं. तपासणीला बाहेरचे लोक यायचे ना, तेव्हा त्या वाघीण व्हायच्या." ठरलं. मी तपासणीला आलेला अधिकारी, महिला कॉन्स्टेबल माझी सहायक, हातात ठाण्यातलीच एक फाइल. हेड कॉन्स्टेबलला जीपमध्ये बसवलं. तो नाटकात शोभला नसता, प्रेक्षकांतही नाही.

दार अक्कांच्या यजमानांनी उघडलं. शांत गृहस्थ, हातात भाजी निवडायची चाळणी. मी हळूच कोण ते सांगितलं. ते घाबरले नाहीत, नुसते थकल्यासारखे झाले. दबक्या आवाजात म्हणाले, "साहेब, एक सांगतो. घरात असली की कधीकधी ती मलाच विचारते, तुम्ही कोण. गुरुवारी लॅबमधून आली की विचारत नाही. त्या दिवशी रात्रीपर्यंत मी तिचा नवरा असतो."

हे वाक्य ऐकल्यावर माझी केस बदलली. एक बाटली शोधायची होती, ती आता अर्धीच गोष्ट होती.

अक्का आतून आल्या. बेळगावकडचा ठसका अजून तसाच. "या की. कुठनं आलात?"

मुलगी पुढे झाली. "अक्का, हे तपासणीला आलेत. लॅबच्या."

मी घसा खाकरला आणि सगळं आयुष्य याच भूमिकेसाठी जगल्यासारखा म्हणालो, "नमस्कार मॅडम. आपली स्टँडर्डं आपण कशी सांभाळता, ते बघायचंय."

मी खूप चौकश्या केल्यात. माणूस खोटं बोलताना कसा आकसतो ते पाहिलंय, खरं बोलताना कसा सैल होतो तेही. पण प्रश्न कानात पडताच माणूस दोन इंच वाढलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पाठ सरळ झाली. पदर खोचला गेला. डोळ्यांत कुणीतरी दिवा लावला.

"उभ्याउभ्या तपासणी होत नाही," त्या म्हणाल्या. "बसा. आणि आधी ओळखपत्र दाखवा."

आता आली का पंचाईत! माझ्याकडे पोलिसांचं कार्ड. दिलं. त्यांनी चष्मा लावला, पुढून वाचलं, मागून वाचलं.

"हे पोलिसांचं आहे."

"हो मॅडम. सध्या खात्यानं मला तिकडे उसना दिलाय."

"तरीच," त्या म्हणाल्या. "टाय नाही."

महिला कॉन्स्टेबलनं फाइल तोंडाशी धरली.

"सणाच्या सुट्टीत करंट गेला तर तुम्ही काय करता?" मी विचारलं. हा एकच प्रश्न होता. चुकला असता तर दुसरा नव्हता.

"करंट जायची वाट बघत बसत नाही. या इकडे."

त्या स्वयंपाकघरात गेल्या, आम्ही मागून. फ्रीज उघडला, आतला दिवा लागला. इडलीच्या पिठाचं पातेलं बाजूला, वरचा बर्फाचा कप्पा उघडला, खवलेल्या नारळाचा डबा बाहेर, आणि त्यामागून तो स्टीलचा डबा. झाकण काढलं. आत कापूस, कापसात करंगळीएवढी बाटली. अक्कांनी ती उजेडात धरली, लेबलावरचा लॉट नंबर वाचला आणि म्हणाल्या, "सील नीट आहे. लिहा."

महिला कॉन्स्टेबलनं खरोखर लिहून घेतलं.

मी हात पुढे केला. अक्कांनी बाटली मागे घेतली. "तुम्हाला कशी देऊ? तुम्ही तपासणारे. ज्याच्या हातून काम होतं त्याच्याच हातात द्यायचं." आणि त्यांनी ती मुलीच्या तळहातावर ठेवली.

मुलगी इतके दिवस त्या बाटलीसाठी बोलणी खात होती. तिनं मूठ घट्ट मिटली आणि रडू लागली, अगदी हमसून.

"अगं, मूठ उघड," अक्का म्हणाल्या. "हे गार असलं तरच घट्ट राहतं. अंगाची ऊब लागली की पाणी होतं."

मुलीनं घाबरून बोटं उघडली. काचेला चिकटलेल्या पांढऱ्या मेणाची कड खरंच पारदर्शक झाली होती. "अक्का, वितळलं! खराब झालं का?"

"वितळलं म्हणून खराब होत नाही, बाळ." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "परत गार कर. तेच असतं ते. एक कणसुद्धा बदलत नाही."

दाराशी उभे असलेले यजमान चाळणी घेऊन एकदम बाहेरच्या खोलीत निघून गेले. आणि मी, सराईत गुन्हेगारांसमोर पापणी न हलवणारा इन्स्पेक्टर, मी फ्रीजमधल्या कोथिंबिरीची तपासणी करायला लागलो.

आता मॅनेजर राहिले होते. बाटली मिळाली, त्यांना आनंद झाला, मग कुठे मिळाली ते कळलं आणि आनंद मावळला. "सार, मी म्हणत होतो. त्या बाईंना आता आत येऊ देता कामा नये."

मी खुर्चीत मागे रेललो. हा माझा आवडता प्रसंग, घरी मी तो उभा राहून करून दाखवतो. "सरी, ठीक आहे," मी म्हटलं. "मग अहवालात सगळं लिहावं लागेल. पूजेच्या दिवशी यंत्राच्या खोलीत पाहुण्यांची गर्दी होती, आत कोण आलं कोण गेलं याची नोंद नव्हती, फ्रीजरला कुलूप नव्हतं. सीलबंद नमुने त्याच खोलीत होते ना? न्यायालयात गिरणीवाल्याचा वकील हे वाचून नाचेल."

मॅनेजरांचा इस्त्रीचा शर्ट जरा चुरगळला. "दुसरं काही लिहिता येईल का?"

"लिहिता येईल, आणि तेही तंतोतंत खरं. संस्थेच्या ज्येष्ठ सल्लागारांनी जुन्या पद्धतीप्रमाणे वस्तू जपण्यासाठी घरी नेली. वस्तू थंड जागी, सीलसकट मिळाली. लबाडीचा हेतू नाही, म्हणून चोरीही नाही. पण सल्लागार म्हटल्यावर त्या सल्लागार राहायला हव्यात. नाहीतर माझा अहवाल खोटा पडतो."

त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. माणूस वाईट नव्हता. नोकरीच्या भीतीनं माणसं जितकी कडक होतात, तितकाच कडक होता. शेवटी म्हणाले, "गुरुवारी ही मुलगी त्यांच्याबरोबर राहील. फ्रीजरला कुलूप लावतो."

"आणि मुलीचं?"

"माफी मागतो, सार."

"माझी नको. तिची."

त्यांनी मागितली. मोठ्यानं, सगळ्यांसमोर. याची मी बेकरीवाल्याकडून खात्री करून घेतली. केस 'बी रिपोर्ट' देऊन बंद केली. म्हणजे वस्तुस्थितीचा गैरसमज, गुन्हा घडलेला नाही. आणि पाहुणा परत कामाला लागला. तेलाचा अहवाल मुदतीत गेला. त्यात पामतेल नव्हतंच, तेल शुद्ध शेंगदाण्याचं! ज्या गिरणीवाल्यावर आम्ही इतका संशय घेतला, त्याचा गुन्हा एवढाच की त्यानं गल्लीत चिरमुरे वाटले. हेड कॉन्स्टेबल हे ऐकून म्हणाला, "मला चवीवरूनच वाटलं होतं सार, माणूस सज्जन आहे."

या केसनं मला काय शिकवलं, असं नवी पोरं विचारतात. मी त्यांना सांगतो, वस्तू हलली की आपण हात शोधतो. त्याआधी सवय शोधा. माणसाचं नाव, गाव, नवरा, सगळं पुसलं जातं, तरी कुणाची तरी काळजी घ्यायची हाताला लागलेली सवय पुसत नाही. अक्का चुकल्या नव्हत्या. त्या बरोबरच होत्या, फक्त काळ बदलला होता. आणि ती मुलगी. तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात सुटली असती. मी अनेक गप्प माणसं पाहिली, बहुतेक स्वतःसाठी गप्प होती. खरं सांगायचं तर तिच्यानंतर मी माणसं तिच्याशी ताडून बघायला लागलो. फार कमी तिच्या खांद्यापर्यंत पोचतात.

तेव्हापासून दर आयुधपूजेला मी त्या लॅबमध्ये जातो. अक्का खुर्चीवर मधोमध असतात, मुलगी शेजारी. ती आता त्या खोलीची प्रमुख आहे, आणि तिचं मराठी माझ्यामुळे बिघडलं असं ती सगळ्यांना सांगते. अक्कांना मी कोण ते दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "ओळखपत्र?" मी दर वर्षी दाखवतो.

निवृत्तीनंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा खिशात निवृत्तांचं कार्ड होतं. अक्कांनी चष्मा लावला, पुढून वाचलं, मागून वाचलं.

"तुमची मुदत संपलीय."

"हो, अक्का," मी म्हणालो. वर्दी उतरवून फार दिवस झाले नव्हते. "आता काय करायचं?"

"फेकायचं नाही," त्या म्हणाल्या, नव्या विश्लेषकाला धडा द्यावा तशा. "मुदत संपली तर नव्याशी ताडून बघायचं. जुळलं तर ठेवून घ्यायचं." त्यांनी मुलीकडे बघितलं. "काय गं? जुळतं का?"

मुलीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. अगदी गंभीरपणे.

"स्वल्प," ती म्हणाली.

अक्कांनी कार्ड मला परत दिलं आणि शेजारच्या खुर्चीवर हात थोपटला. "मग बसा की. आरती व्हायचीय अजून."